मृणालच्या गाडीची सभा

चिपळूणहून नागपूरला निघालेल्या माणसाला सगळे दोन गोष्टी सांगतात. येताना संत्र्याची बर्फी आण, आणि दुपारी घराबाहेर पडू नकोस. मला शेजारच्या सुमतीवहिनींनी तिसरीही सांगितली. मी कोकमाची बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवत होते. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मृणालची ती बॅटरीची गाडी आहे ना, तसल्या गाड्या उन्हात पेटतात म्हणे. मोबाइलवर आलं होतं. लक्ष ठेव हो."

लक्ष ठेवायची मला सवय लागलीच होती. संक्रांत झाली आणि हे गेले. जेवून उठले, हात धुवायला मोरीवर गेले आणि तिथेच खाली बसले. तेव्हापासून घरातला कुठलाही चालू आवाज थांबला की मी उठून बघायला जाते. पंखा असो, पंप असो, फ्रिज असो. चालू असलेली गोष्ट बंद पडताना आधी सांगत नाही.

एप्रिलमध्ये मी मुलीकडे राहायला गेले, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काम वेगळं होतं. मृणाल कोराडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि नागपूरच्या उत्तरेला, जरीपटक्यात, एका लहान इमारतीत एकटी राहते. आमच्या गावच्या शाळेत पुढच्या वर्षी विज्ञानाची जागा रिकामी होणार होती. तिला परत घेऊन यावं, निदान विचारून बघावं, यासाठी मी निघाले होते. हे मी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

स्टेशन ते जरीपटका

आमच्याकडे भर दुपारी पडतं तसं ऊन नागपूरच्या स्टेशनाबाहेर सकाळीच पडलं होतं. कोकणातला उन्हाळा अंगाला चिकटतो. इथला अंगातलं पाणी उचलून नेतो. घाम दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असं वाटत राहतं. बायका डोक्याला आणि तोंडाला ओढण्या गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून गाड्या चालवत होत्या. यांतली आपली मुलगी समोरून गेली तरी आपल्याला ओळखू येणार नाही, असा एक विचार आला.

मृणालची सकाळची शाळा होती, म्हणून मी ई-रिक्शा केली. तीही बॅटरीवरच चालणारी. बसल्या बसल्या मी चालकाला विचारलं, "ही तापत नाही ना हो?"

"काहून मॅडम, भेव लागते का?" तो आरशातून हसला. "पेटाले तिच्यात जीव पायजे ना. उतारावर पयते अन् चढावर मलेच उतरा लागते."

"माझ्या मुलीची स्कूटर आहे बॅटरीची."

"मंग चांगलंच आहे. पेट्रोल पंपाची रांग नाई, धूर नाई. एकच गोष्ट आहे, गाडी मांगून येते अन् माणसाले समजतच नाई. परवा एका बुढ्याच्या बाजूनं गेलो, तं तो म्हने, भूत आहेस काय बे?"

तो स्वतःच्या विनोदावर जोरात हसला. मीही हसले, आणि पुढचा सगळा रस्ता मागून काय येतंय ते वळून वळून बघत राहिले.

जरीपटक्याचा बाजार सकाळीही भरलेला असतो. कापडाची दुकानं, पापड-लोणच्यांची दुकानं, मोबाइलची दुकानं, आणि मधल्या फटीत उसाच्या रसाची गाडी. बाजार संपतो तिथून आत वळलं की मृणालची इमारत. तीन मजले, खाली खांबांवर पार्किंग, आणि पार्किंगच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर एकच घर. त्या घराच्या दारात एक उंच, वाळके गृहस्थ माठाला ओलं फडकं गुंडाळत बसले होते. मला बघून ते उठले.

"या ताई, या. मॅडमच्या आई ना? तोंडावरूनच समजून राहिलं. किल्ली मायाजवळ देऊन गेली ती."

हे रामटेके काका. मृणालचे वडील गेल्याचा फोन तिला शाळेत आला, तेव्हा ती कशीबशी घरी पोचली होती. काकांनी तिला आपल्या जुन्या स्कूटरवर मागे बसवून विमानतळावर नेलं आणि विमान उडेपर्यंत ते बाहेर उभे राहिले. मृणालने हे मला तेराव्यानंतर सांगितलं होतं. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "त्याचं काय बोलता! पानी प्या पयले."

काका कोराडीच्या वीज केंद्रात सामानाच्या कोठारावर नोकरीला होते. आता निवृत्त आहेत. मूळ गाव कन्हानच्या पलीकडे, लहानपण बैलांच्या मागे गेलेलं. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे काकू रोज संध्याकाळी मेणबत्ती लावतात. काकूंचे गुडघे दुखतात, पण हात सारखा चालू असतो. त्या दिवशी त्यांनी वर ताटली पाठवली ती सांबारवडीची. मी सांबार शोधत बसले. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मृणालने सांगितलं, आणि हसली. वडी कुरकुरीत होती, आत कोथिंबीर, खसखस, सुकं खोबरं. आमच्या कोथिंबीरवडीशी तिचं नावापुरतंच नातं आहे.

"आई, तू बस, मी चहा करून राहिले," मृणाल आतून म्हणाली.

करून राहिले.  ते दोन शब्द बराच वेळ कानात राहिले. ती इथली होत चालली होती.

कोराडीचा रस्ता

मृणालची गाडी पांढरी आहे. काका तिला 'पांढरी'च म्हणतात. "पांढरी आली का?", "पांढरीले धुवा लागते आज." सुट्टीच्या दिवशी ते ओल्या फडक्याने तिचं अंग पुसतात, आणि तिच्या हँडलला त्यांनी पोळ्याच्या बाजारातून आणलेलं एक घुंगरू बांधलं आहे. गाडीला आवाज नाही, मग लोकांना कळणार कसं, म्हणून. मृणालला पहिल्यांदा लाज वाटली होती. आता ती वाजवत जाते.

एका सकाळी ती मला मागे बसवून शाळा दाखवायला घेऊन गेली. निघताना काकूंनी माझ्या पिशवीत एक कांदा टाकला. उन्हाळ्यात कांदा जवळ ठेवला म्हणजे ऊन लागत नाही, अशी इथली समजूत आहे. आम्ही ऊन लागलं तर कोकम पितो, इथले लोक ते लागू नये म्हणून कांदा बाळगतात.

गाडी सुरू झाली हे मला झाडं मागे जायला लागल्यावर कळलं. ह्यांची स्कूटर सुरू झाली की आमच्या आळीतली कुत्रीसुद्धा उठायची. आवाज म्हणजे एक प्रकारचा धीर असतो. इथे वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या वाऱ्यात मागून येणारा प्रत्येक ट्रक स्पष्ट ऐकू येत होता. मानकापूर गेल्यावर कोळशाचे ट्रक वाढले. ताडपत्री अर्धवट बांधलेली, कडेने बारीक काळी भुकटी उडते आहे. मी मृणालचा खांदा धरला होता तो इतका घट्ट, की ती म्हणाली, "आई, मला वळता येत नाहीये."

कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या फार लांबून दिसायला लागतात. जवळ जाता जाता त्या मोठ्या होत नाहीत, रस्ताच लहान होतो असं वाटतं. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाच्या पानांवर राखेचा थर होता. मृणालने एका पानावर बोट फिरवून मला दाखवलं. "मुलांना मी हेच पान घेऊन धूलिकण शिकवते. वेगळं साहित्य लागत नाही."

ती हे अभिमानाने म्हणाली. मला तिच्या छातीत जाणारी राख दिसली.

मी काकांना संध्याकाळी विचारलं, की गाडीला धूर नाही हे चांगलंच ना?

"धूर आहे ना, ताई. फक्त तो तिकडं निघते. मायी अख्खी नोकरी त्याच्याच खाली गेली." त्यांनी उत्तरेकडे हात केला. "वायर लांब आहे, एवढंच. पन इथल्या पोट्ट्यांच्या नाकात नाई जात, हेही खरंच आहे. मंग चांगलं म्हना का वाईट म्हना, तुमी शिकलेले, तुमीच सांगा."



इमारतीचे नियम

मृणालच्या गाडीबद्दल इमारतीत प्रत्येकाचं एक मत आहे, आणि ते सगळ्यांना सांगून झालेलं आहे. इमारतीचे सचिव असनानी यांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. ते मला जिन्यात भेटले. म्हणाले, "बहनजी, मेरे को गाडी से कुछ नहीं. बहुत अच्छी गाडी. मेरे को बस रात को नींद चाहिए." सगळे झोपलेले असताना खाली गाडीला वायर लावलेली आहे, या विचारानेच त्यांना झोप लागत नसे. म्हणून नियम झाला होता, की चार्जिंग फक्त दिवसा, लोक जागे असताना. मृणाल शाळेतून भर दुपारी येते आणि संध्याकाळी मुलांच्या शिकवण्यांना जाते. तेव्हा नियमाप्रमाणे गाडी चार्जिंगला लागायची ती नेमकी दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळी. भीतीपोटी केलेला नियम कुठे नेऊन ठेवतो, याचं हे उदाहरण मी शांतपणे लिहिते आहे. तिथे असताना मी शांत नव्हते. रोज दुपारी ती जेवून आडवी झाली की मी हळूच खाली जाऊन गाडीच्या सीटला हात लावून बघत असे. चुलीवरच्या भांड्याला लांबून हात लावतात तसा.

दुसऱ्या मजल्यावर डोंगरेबाई राहतात. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती. बाळ महिन्याभराचं. डोंगरेबाईंचं मत असं, की पेट्रोलची गाडी बंद पडली तर ढकलता येते, ही बंद पडली तर काय करायचं? त्यांचे जावई हळूच म्हणाले, "आमीही बुक करायच्या विचारात होतो—" डोंगरेबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. जावई बाळाचं टोपडं सारखं करायला लागले.

गावच्या शाळेतल्या जागेचं बोलणं मी अजूनही काढलं नव्हतं. दर संध्याकाळी वाटे, आज बोलू. मग ती शिकवणीहून यायची, ओढणी सोडायची, त्याखाली तिचा चेहरा तापून लाल झालेला असायचा, तरी ती मुलांच्या गमती सांगत सुटायची. मी उद्यावर टाकत असे.

शुक्रवारची दुपार

शुक्रवारी ऊन फारच होतं. मृणाल आली, गाडी चार्जिंगला लावली, जेवली आणि कूलरसमोर झोपली. नागपुरात कूलर म्हणजे घरातलं माणूस असतं. त्याला पाणी पाजावं लागतं, त्याच्या बाजूंचं वाळकं गवत बदलावं लागतं, आणि तो घोरतो. त्या घरघरीची मला सवय झाली होती. ती चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

मी नेहमीप्रमाणे खाली गेले. काका बादली घेऊन उभे होते. मृणालच्या गाडीवर त्यांनी गोणपाट पसरलं होतं आणि त्यावर ते तांब्याने पाणी घालत होते.

"लय तापली होती, ताई. हात नाई लागत होता. बैलाले असंच करा लागते उन्हात, ओला बोरा टाकला का बैल कसा गार होऊन जाते."

मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. माझ्यासारखंच आणखी कुणीतरी त्या गाडीच्या तापण्याची काळजी करत होतं. गोणपाटाच्या कडेने पाणी ठिबकत होतं. खाली जमिनीवर चार्जिंगचा लाकडी बोर्ड ठेवलेला होता, भिंतीतल्या सॉकेटपासून वायर ओढून आणलेला. पाणी त्याच्यावर ठिबकत होतं हे मी पाहिलं. पाहिलं, आणि त्याचा अर्थ माझ्या मनात आला नाही. वीज केंद्रात नोकरी केलेला माणूस करतो आहे म्हणजे ठीकच असेल, असं मी धरून चालले. काकांनी काम केलं ते कोठारात, नटबोल्ट आणि हातमोजे मोजण्याचं, हे तेव्हा माझ्या लक्षात राहिलं नाही.

मी वर येऊन पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने खालून चर्र असा आवाज आला, कढईत ओली भाजी पडावी तसा, आणि सगळे कूलर एकदम थांबले. आपलाच नाही, सगळ्या मजल्यांवरचे. इतकी शांतता मी आमच्या मोरीच्या दारात एकदा ऐकली होती.

मृणाल दचकून उठली. ती माझ्या आधी जिना उतरली.

खाली जळक्या रबराचा वास होता. काकांनी मुख्य बटण पाडून ठेवलं होतं आणि गोणपाट ओढून अंगणाच्या भिंतीवर फेकलं होतं. बोर्ड काळा पडला होता. गाडीला काही झालं नव्हतं. पण ते कुणी बघत नव्हतं. डोंगरेबाई बाळाला घेऊन खाली आल्या. वर खोलीत श्वास घेववत नव्हता. बाळ लाल होऊन रडत होतं.

"झालं समाधान?" त्या मृणालला म्हणाल्या. "माया नातवाले काही झालं असतं तं? कोन जबाबदार होतं? सांगून राहिलो होतो आमी, पयल्या दिवसापासून!"

मृणाल मान खाली घालून उभी होती. काकूंनी बाळाला आपल्या घरात माठाजवळ नेलं आणि विणलेल्या पंख्याने वारा घालत बसल्या. इलेक्ट्रिशियन यायला उशीर झाला. त्याने जळका बोर्ड उलटासुलटा करून पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला. "गाडीचा लोड झेपला नाई."

त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. तो आला तोवर पाणी उरलंच नव्हतं. त्या उन्हाने फरशी कोरडी केली होती आणि गोणपाट भिंतीवर वाळून कडक झालं होतं. फक्त फरशीवर, बोर्ड होता तिथपर्यंत, वाळलेल्या पाण्याचा एक पांढरा ओघळ राहिला होता. बोअरच्या पाण्याचा क्षार. मी त्या ओघळाकडे बघत होते, आणि तेव्हा मला सगळं एकदम समजलं.

असनानींनी रविवारी सकाळी सभा ठेवली. इमारतीत या गाडीचं चार्जिंग चालू ठेवायचं की कायमचं बंद करायचं.

त्या रात्री जेवताना मृणाल म्हणाली, "आई, यांनी नाही म्हटलं ना, तर मी राजीनामा देईन. ही घेताना जुनी पेट्रोलची गाडी मी विकली. गाडी नव्हती तेव्हा दोन बस बदलून, त्या उन्हात उभं राहून मी एक वर्ष काढलंय, आणखी नाही काढू शकत. मी घरी येईन. आपल्या शाळेत जागा निघतेय ना? सुमतीकाकूंनी कळवलं होतं."

मी वरणात भात कालवत होते. हात थांबला. ज्यासाठी मी एवढ्या लांब आले होते ते कुणी न विचारताच ताटात येऊन पडलं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त एक पांढरा ओघळ पाहिला होता तो पाहिला नव्हता असं समजायचं होतं. शिवाय गप्प बसायला एक चांगलं कारणही होतं. ज्या माणसाने माझ्या मुलीला त्या दिवशी विमानतळावर नेलं, त्याला मी चारचौघांत खाली बघायला लावू? गप्प बसण्याची चांगली कारणं सापडतात, तेव्हा ती फार लवकर सापडतात.

शनिवार

तरी मी शनिवारी काकांकडे गेले. त्यांना एकटं गाठून सांगावं असं ठरवलं होतं. काकूंनी आंबील दिली, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, गार. मी पीत राहिले. काका खाटेवर बसले होते, दाढी न केलेले.

"मी उद्या नाईच म्हननार आहे, ताई," ते म्हणाले. "वाईट वाटून राहिलं, पन नाईच म्हननार. मी सोता तिले गार करून ठेवली होती. तरी पेटली! गार केलेली गाडी पेटते, मंग रस्त्यात उन्हात काय करंन? पोरगी तिच्यावर बसून जाते हो. तिचा बाप नाई आता. कोनीतरी नाई म्हनलं पायजे."

मी पेला ठेवला. आता सांगायचं, असं मनात म्हटलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "काल दुपारपासून जेवून नाई राहिले हे बराबर."

मी आंबील छान झाली आहे असं सांगून वर आले.

सभा

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. तर्री-पोहे बाजारातून आणले होते. भांडण असलं तरी नागपूरकर पोह्यांशिवाय बसत नाहीत. त्यांच्या पोह्यांवर चण्याचा लाल तिखट रस्सा, म्हणजे तर्री, ओततात. माझ्या डोळ्यांत पहिल्या घासाला पाणी आलं, आणि त्या दिवशी ते सोयीचं झालं. पांढरी खांबाला टेकून उभी होती. सगळे तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"तो फिर," असनानी म्हणाले, "सब लोग बोलो."

डोंगरेबाई बोलल्या. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ बोलले. त्यांना मोबाइलवर आलेली आगीची चित्रं त्यांनी सगळ्यांपुढे फिरवली. जावई म्हणाले, "पेट्रोलच्या गाड्याही पेटतेच ना, आई—" आणि सासूबाईंनी त्यांना पोहे वाढले. मग काका उठले.

"मी तं आपला अडानी मानूस. पन मी डोयानं पाहिलं. बंद करा." ते मृणालकडे वळले. "पोरी, तुया भल्यासाठीच म्हनून राहिलो गा मी. रागावू नको."

ते मुलीला 'गा' म्हणाले, जे इकडे पुरुषाला म्हणतात. कुणी हसलं नाही. मृणालने मान हलवली. ती त्यांच्यावर रागावली नव्हती. तिने सगळं मान्य करून टाकलं होतं, आणि ते मला सहन होईना. हे गेल्यावरही ती अशीच मान हलवत होती, येणाऱ्या प्रत्येकापुढे. तिच्या हातातून आणखी एक गोष्ट काढून घेतली जात होती, आणि या वेळी ती थांबवता येण्यासारखी होती.

मी उभी राहिले. मला सभेत बोलायची सवय नाही. आयुष्यभर ग्रंथालयात शांतता राखण्याचं काम केलेलं.

"काका," मी म्हटलं, "शुक्रवारी गोणपाटावर पाणी घातलंत, ते खाली बोर्डावर ठिबकत होतं. मी पाहिलं. त्याचा डाग अजून आहे."

मी फरशीकडे बोट दाखवलं. सगळे वाकले. मृणाल खाली बसली, पांढऱ्या ओघळावरून बोट फिरवत बोर्डाच्या जागेपर्यंत गेली. तिला समजायला क्षणही लागला नाही. पण ती वर बघेना.

काकांनी भिंतीवरचं गोणपाट पाहिलं, मग जागा पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही.

"म्हनजे," ते म्हणाले, "मीच?"

"मीही बघत होते, काका. मलाही कळलं नाही."

 वर कुणाच्या तरी कूलरची घरघर तेवढी येत होती. मला वाटलं, हा माणूस आता आत जाईल आणि पुन्हा आमच्याशी बोलणार नाही. आणि तेव्हा डोंगरेबाई, ज्यांच्याकडून मी काहीच अपेक्षा केली नव्हती, पदराला हात पुसत म्हणाल्या,

"बाप्पा बाप्पा! काका, तुमाले स्टोअरात ठेवलं ते बरंच केलं हो. आतमधी ठेवलं असतं तं अख्खं कोराडीच बंद पडलं असतं!"

पहिल्यांदा जावई हसले. मग असनानी. मग काकू, दारात उभ्या राहून, तोंडाला पदर लावून. काका सगळ्यात शेवटी हसले, आणि हसता हसता खुर्चीत बसले.

"बैलाले चालते," ते डोळे पुसत म्हणाले. "गाडीले नाई चालत. कोन सांगन बाप्पा मले!"

"रुको, रुको," असनानी म्हणाले, "फिर भी रात का—"

"रात्री नाई, भाऊ. संध्याकाळी," काका म्हणाले. "ऊन उतरलं, पोरगी शिकवनीहून आली, का लावू. बोर्ड वर भिंतीत बसवा चांगला, जमिनीवर नाई. अन् मी बसतोच ना इथं दारात, दुसरं काम काय आहे मले? तुमी झोपाच्या आत काढून घेईन मी."

असनानींनी डोंगरेबाईंकडे पाहिलं. डोंगरेबाईंनी बाळाकडे पाहिलं. "पन पानी नाई मारायचं," त्या म्हणाल्या.

"नाई मारत, माय."

सभा संपली. जावई गाडीजवळ जाऊन एका चार्जिंगवर किती जाते ते मृणालला विचारू लागले.

वर आल्यावर मृणालने दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिली.

"तू शुक्रवारीच ओळखलं होतंस."

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस? मी दोन दिवस स्वतःलाच दोष देत होते."

मी खुर्चीत बसले. खोटं कारण माझ्याजवळ तयार होतं, काकांचं. ते खरंही होतं. "तुला घरी न्यायचं होतं," मी म्हटलं. "तेवढ्यासाठीच आले होते."

 खालून घुंगराचा आवाज आला. कुणीतरी गाडी सावलीत सरकवत होतं.

"आई, आता मी इथेच राहणार. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि हे माहीत असताना बोललीस?"

"माहीत होतं," मी म्हटलं, "म्हणून तर इतका वेळ लागला."

तिने ओढणीने डोळे पुसले आणि खिडकीपाशी गेली. कूलरमधलं पाणी संपत आलं होतं. तिने नळाला पाइप लावला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, आणि टाकी भरेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो.